पावती

२० नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी, साधारण दोनच्या सुमारास, एक म्हातारे गृहस्थ मतदान करून माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातली ती वाडी, दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा, भिंतीवर बाराखडी आणि पाढे, आणि त्या पाढ्यांखाली मी केंद्राध्यक्ष म्हणून बसलेली. त्यांच्या डाव्या तर्जनीवरची शाई अजून ओली होती. धोतराला लागू नये म्हणून त्यांनी तो हात अंगापासून दूर धरला होता आणि उजवा हात माझ्यापुढे पसरला होता. "काय हवंय, आबा?" असे मी विचारले, तेव्हा ते सहजपणे म्हणाले, "पावती." पावती नसते, असे मी सांगितले, मघाशी काचेतून चिठ्ठी दिसली ना, तीच तुमची खूण, असेही सांगितले. "दिसली की. खाली पडली. मग माझ्या हातात काय ऱ्हायलं?" त्यांच्यामागे सात-आठ बायका रांगेत खोळंबल्या होत्या, एकीच्या कडेवर मूल रडत होते. "आबा, मत पोचलं. तुम्ही निवांत घरी जा," असे म्हणून मी त्यांना वाटेला लावले. त्यांनी वाद घातला नाही. टेबलावरच्या यंत्राकडे एकदा नीट पाहिले आणि ते बाहेर गेले. त्यांनी वाद घातला असता तर कदाचित मी हा प्रसंग विसरूनही गेले असते.

मत पोचले, असे मी म्हणाले खरे. पण कुठे पोचले, हे मलाही त्यांना दाखवता आले नसते.

त्याच खोलीत पहाटे साडेपाचला आम्ही अभिरूप मतदान घेतले होते. आदल्या रात्री बाके भिंतीशी सरकवून, सतरंजीवर झोपून, चार वाजता गार पाण्याने तोंड धुऊन आम्ही तयार झालो होतो. तीन पक्षांचे तीन मतदान प्रतिनिधी आले. तिघेही विशी-पंचविशीतले, कानाला मफलर गुंडाळलेले, डोळ्यांत झोप. पन्नास मते टाकायची, कुणाला किती टाकली ते कागदावर लिहून ठेवायचे, मग यंत्रातला निकाल काढायचा आणि मताची चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्रातल्या चिठ्ठ्या मोजून दोन्ही आकडे जुळवायचे, अशी ती पद्धत. मी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत होते आणि पोरे वहीच्या पानावर उभ्या रेघा ओढत होती. आकडे जुळले. मग यंत्रातली मते पुसली, शून्य दाखवले, चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून मोहोरबंद केल्या आणि व्हीव्हीपॅटचा रिकामा कप्पा उघडून दाखवला. त्यांतला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, परत एकदा दावा," आणि माझ्याकडची बॅटरी घेऊन त्याने कप्प्याचे चारही कोपरे पाहिले. मला त्याचा फार आनंद झाला. मेणबत्तीवर वितळणाऱ्या लाखेचा वास खोलीत भरला होता, बाहेर अजून उजाडायचे होते, आणि एकमेकांवर तिळाइतकाही विश्वास नसलेल्या तीन पक्षांची तीन पोरे एका कागदावर सह्या करत होती. ते रिकामे शून्य आबांनी पाहिले नव्हते. ते त्या वेळी गोठ्यात असतील, किंवा झोपेत.

पावतीचा विचार मी बसमध्ये करत होते, तेव्हा मला माझे आजोबा आठवले. त्यांची एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात कपडे कमी, कागद जास्त. सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, शेतसाऱ्याच्या पावत्या, बाजार समितीत कांदा घातला त्याच्या पट्ट्या आणि कारखान्याच्या काट्यावरच्या उसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या, सगळे वर्षावर्षाच्या गठ्ठ्यांत सुतळीने बांधलेले. काटामारी हा शब्द मी त्यांच्या तोंडून लहानपणी ऐकला. आपला ऊस काट्यावर चढतो आणि आकडा दुसराच कुणीतरी वाचतो, ही शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची भीती आहे. त्यावरचा त्यांचा उपाय साधा होता. एका वर्षी त्यांनी ट्रॅक्टर आधी बाहेरच्या काट्यावर नेला, तिथली चिठ्ठी खिशात ठेवली आणि मगच कारखान्याच्या काट्यावर गेले. दोन्ही वजने जवळपास सारखीच निघाली, आणि त्यानंतर अनेक वर्षे त्यांनी तो खटाटोप केला नाही. वजन खरे आहे असे मॅनेजर त्यांना आधीही सांगत होताच. पण बाहेरच्या काट्यावर जाण्याची मोकळीक होती आणि ती एकदा वापरून पाहिली, म्हणून त्यांची भीती गेली. आबांनी माझ्यापुढे हात पसरला, तो याच पिढीचा हात होता.

आणि तरीही ती पावती त्यांना मिळू नये, असेच माझे मत आहे. मी ज्या गल्लीत वाढले तिथे निवडणुकीच्या आदल्या रात्री वही घेऊन माणसे फिरत. घरात मते किती, हे विचारून तेवढी पाकिटे मोजून देत आणि मग बेलभंडारा उचलायला लावत. आमच्या शेजारच्या एका बाईला लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. ती दुसऱ्या दिवशी मत देऊन आली आणि माझ्या आईपाशी येऊन ढसाढसा रडली, कारण शपथ एकाची घेतली होती आणि शिक्का दुसऱ्यावर मारला होता. लेकराला काही होणार नाही ना, एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. आईने तिला चहा करून दिला आणि म्हणाली, "आतलं कुणाला दिसत नाही गं. देवाला दिसतं, आणि देव तुझ्याच बाजूचा आहे." त्या बाईच्या हाती मताची चिठ्ठी पडली असती, तर बेलभंडाऱ्याची गरजच उरली नसती. वहीवाल्याने संध्याकाळी चिठ्ठी मागितली असती, नवऱ्याने मागितली असती, ज्याच्या रानात ती खुरपायला जाई त्याने मागितली असती. गोणपाटाच्या किंवा पुठ्ठ्याच्या आडोशामागचे ते एक मिनिट तिच्या उभ्या आयुष्यात तिचे एकटीचे होते. ते तिच्याकडून कुणीही काढून घेता कामा नये, आबांच्या समाधानासाठीसुद्धा नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी याद्या करायला माणसे दारोदार गेली, तेव्हा असंख्य बायकांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. त्यांतली बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली होती. माझ्या आजीने मात्र दाराआडून का होईना, नाव सांगितले होते. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. कागद कुठल्या पेटीत टाकला ते कुणी पाहिले नाही, हे सांगताना म्हातारपणीही तिचा चेहरा उजळत असे. कुणाला मत दिले, ते तिने आजोबांनाही कधी सांगितले नाही.

ही गुप्तता आपण समजतो तितकी शाबूत नाही, हेही इथे सांगायला हवे. कागदी मतपत्रिकांच्या काळात माझे वडील मतमोजणीला जात. वेगवेगळ्या गावांच्या मतपत्रिका आधी एकत्र मिसळायच्या आणि मग पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे, असे ते सांगत. हेतू हा की कुठल्या वाडीने कुणाला मते दिली ते कळू नये. यंत्रे आली आणि ही मिसळण गेली. आता प्रत्येक केंद्राचा निकाल वेगळा कळतो. सहाशे-सातशे मतांच्या वाडीत माणसाचे मत गुप्त राहते, पण वाडीचे राहत नाही, आणि पुढची पाच वर्षे पाण्याची टाकी, रस्त्याची खडी आणि समाजमंदिराचा निधी त्या आकड्याकडे पाहून मागेपुढे होतो, हे खेड्यात नोकरी केलेल्या कुणालाही ठाऊक आहे. अनेक यंत्रांतली मते एकत्र मोजणारे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये केंद्र सरकारकडे पाठवला होता. विधी आयोगाने २०१५ मधल्या आपल्या २५५ व्या अहवालात त्याला दुजोराही दिला. तो अजून अमलात आलेला नाही. यंत्रावरच्या सगळ्या गदारोळात ही सुधारणा मागणारा एकही मोर्चा मी पाहिलेला नाही, याचे मला वाईट वाटते.

मी यंत्राच्या विरोधात नाही. कागदाच्या काळात गठ्ठेच्या गठ्ठे शिक्के मारून पेटीत कोंबल्याच्या हकिकती मी वडिलांच्या सहकाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. आताचे यंत्र मिनिटाला चारांहून जास्त मते घेत नाही, त्यामुळे तसे करायचे म्हटले तरी तास न् तास लागतील. केरळात परूर मतदारसंघात १९८२ मध्ये पन्नास केंद्रांवर यंत्रे पहिल्यांदा वापरली गेली, तेव्हा कायद्यात तशी तरतूदच नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक १९८४ मध्ये रद्द ठरवली. मग संसदेने कायदा बदलला आणि त्यानंतरच यंत्र पुन्हा आले. चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेनमधल्या पोटनिवडणुकीत पहिल्यांदा आले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते टप्प्याटप्प्याने सर्वत्र आणायला सांगितले. म्हणजे शंका घेणारी माणसे होती म्हणून यंत्र सुधारत गेले. ती सात सेकंदांची चिठ्ठीसुद्धा कुणाच्या तरी अविश्वासाची कमाई आहे. पण त्या चिठ्ठ्या पेटीत पडून राहतात. विधानसभेच्या एका मतदारसंघात आपल्याकडे सरासरी साडेतीनशे केंद्रे असतात आणि त्यांपैकी चिठ्ठ्या मोजल्या जातात त्या पाच केंद्रांच्या. सगळ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला नाकारली. जर्मनीच्या घटना न्यायालयाने मार्च २००९ मध्ये तिथली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुणी घोटाळा केल्याचे म्हटले नव्हते. तंत्राचे विशेष ज्ञान नसलेल्या साध्या नागरिकाला निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे स्वतः तपासता आले पाहिजेत, एवढेच म्हटले होते. त्या निकालाविषयी वाचताना मला आबांचा पसरलेला हात दिसतो.

त्या नोव्हेंबरच्या निकालानंतर दहा-बारा दिवसांतच माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी स्वखर्चाने कागदावर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. त्या मतदारसंघात जो उमेदवार निवडून आला होता, त्याच्याच समर्थकांची तक्रार होती की आमच्या गावात आकडा असा येणे शक्य नाही. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ३ डिसेंबरला तो प्रयोग थांबला. मला त्या बातमीने दोन्हीकडून ओढले. पोलिंग पार्टीत वीस वर्षे काम केलेली बाई म्हणून मला कळत होते की निकाल माहीत झाल्यावर, गावकीच्या नजरेखाली, कॅमेऱ्यांपुढे घेतलेले मत हे पहिले मत नसते. त्यातून काहीच सिद्ध झाले नसते आणि ज्या घरांनी दुसरीकडे मत दिले होते ती घरे उघडी पडली असती. आणि आजोबांची नात म्हणून मला ती धडपड ओळखीची वाटत होती. हा दुसरा काटा शोधायचा प्रयत्न होता. त्यांना खात्रीने नेता येईल असा दुसरा काटा आपण कुठेच ठेवलेला नाही, आणि मग ते स्वतःचा काटा बांधू लागले की बंदोबस्त पाठवतो.

त्याच दिवसांत मला शेजारपाजारचे, नात्यातले सगळे एक प्रश्न विचारत होते. पाच वाजता ५८.२२ टक्के मतदान सांगितले होते, ते ६६.०५ वर गेले कसे? मी माझ्या केंद्राचे सांगत असे. संध्याकाळी सहाला शाळेच्या फाटकाच्या आत चाळीसच्या वर माणसे होती. रानातली कामे आटोपून आलेली, बायका चूल पेटवून आलेल्या. नियमाप्रमाणे मी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून सुरुवात करून सह्या केलेल्या चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे मागून कुणी शिरणार नाही. शेवटचे मत पडले तेव्हा सात वाजून गेले होते. पाचचा आकडा मी फोनवरून कळवला, तोही शाळेच्या मागच्या टेकाडावर चढून, कारण खोलीत रेंज नव्हती. तो साडेचारच्या नोंदीवरून काढलेला होता. माझ्या केंद्रापुरते मला सगळे माहीत होते, म्हणून मी खात्रीने बोलू शकत होते. बाकीच्या लाखभर केंद्रांचे मला काय माहीत? प्रत्येक केंद्रावर मते किती पडली ते नमुना १७-सी वर लिहिलेले असते, प्रतिनिधींना त्याची प्रत देतात. तोच कागद केंद्रवार, त्याच रात्री, कुणालाही पाहता येईल असा लावला, तर माझ्यासारखीला शेजाऱ्यांसमोर साक्षीला उभे राहावे लागणार नाही. कुणाला किती मिळाली, हे त्या रात्री त्या कागदावर नसतेच, त्यामुळे कुणाची गुप्तता जाण्याचाही प्रश्न येत नाही.

मतदाराचे झाकलेले राहू द्या; यंत्रणेचे उघडे करा.

गेल्या दीड वर्षात झाले मात्र उलटे. हरियाणातल्या निवडणुकीची कागदपत्रे आणि चित्रीकरण एका अर्जदाराला द्यावे असे उच्च न्यायालयाने सांगितले आणि त्यानंतर काही दिवसांतच, २० डिसेंबर २०२४ ला, निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रांवरचे चित्रीकरण सर्वसामान्यांना पाहण्यासाठी बंद केले गेले. पुढच्या मे महिन्यात आयोगाने सांगितले की निकालाला आव्हान मिळाले नाही तर हे चित्रीकरण पंचेचाळीस दिवसांनंतर ठेवायची गरज नाही. रांगेतल्या बायकांची चित्रफीत गैरवापरासाठी फिरू नये, हे कारण मला खोटे वाटत नाही. मीही बाई आहे. पण दार पूर्ण लावून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. याच्या उलट चांगले उदाहरणही डोळ्यांसमोर आहे. बिहारमध्ये २०२५ च्या जून-जुलैत मतदार याद्यांची फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या कच्च्या यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती. कुणाची आणि का, हे लोकांना कळेना. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला आदेश दिला की ती नावे कारणांसह जाहीर करा, आणि ती जाहीर झाली. त्या याद्या भिंतीवर लागल्या असतील तेव्हा त्यांच्यापुढे बोट फिरवत उभ्या राहिलेल्या माणसांचा मी विचार करते, कारण माझ्याही केंद्रावर एक बाई ओळखपत्र घेऊन आली होती आणि तिचे नाव यादीत नव्हते. चार वेळा आम्ही यादी पाहिली. "मागल्या खेपेला व्हतं की वो बाई," एवढेच ती म्हणत राहिली. तिला परत पाठवताना माझी जीभ जड झाली होती. नाव का गेले, ते सांगणारा एक कागद तरी मी तिला द्यायला हवा होता, आणि तसा कागद नव्हताच.

"माझ्या हातात काय ऱ्हायलं" या प्रश्नाचा दुसरा अर्थ मला उशिरा कळला. सकाळी एका आजींनी आत जाण्यापूर्वी मला विचारले होते, "बाई, घड्याळ आता नक्की कुणाचं?" मला उत्तर देता येत नव्हते, तशी मनाई असते, मी नुसते आतल्या बाजूला बोट दाखवले. त्याच वर्षी सातारा लोकसभेला तुतारी वाजवणारा माणूस आणि नुसती तुतारी अशी दोन चिन्हे एकाच यादीत होती, आणि दुसऱ्या तुतारीला पडलेली मते विजयाच्या फरकाहून जास्त होती. मतदार अडाणी आहे म्हणून हे होत नाही. त्याने आयुष्यभर ओळखलेली चिन्हे त्याला न विचारता घरे बदलून गेली म्हणून होते. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ चा. शिवसेनेतल्या जून २०२२ च्या बंडाबद्दलच्या अपात्रतेच्या याचिकांवर विधानसभा अध्यक्षांचा निर्णय आला तो १० जानेवारी २०२४ ला, म्हणजे विधानसभेची मुदत संपत आली तेव्हा. हे निवाडे अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्येच सुचवले होते. आणि ज्या निवडणुकीत माणूस उमेदवाराला नावाने हाक मारतो, त्या महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका आपल्याकडे वर्षानुवर्षे झाल्याच नाहीत. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. एवढ्या काळात गटाराची तक्रार कुणाकडे करायची, हेही लोक विसरून गेले. यंत्र अगदी निर्दोष असले, चिठ्ठी न् चिठ्ठी मोजली, तरी आबांच्या मताचे पुढे काय होते याचे उत्तर त्या मोजणीत मिळणार नाही.

त्या दिवशी शेवटचे मत पडल्यावर मी यंत्राचे क्लोज बटण दाबले. एकूण मते ६१३. मतदार नोंदवहीतल्या सह्या आणि अंगठे ६१३. तिन्ही पोरांनी आकडा आपल्या हाताने लिहून घेतला. सकाळी बॅटरी मागणाऱ्या पोराने १७-सी ची प्रत चार घड्या करून पँटच्या मागच्या खिशात कोंबली, तेव्हा मी त्याला ती काढून वहीत ठेवायला लावली. पेट्यांना मोहोर लागली, लाखेचे दोन थेंब माझ्या हातावर पडले. आठच्या सुमारास आम्ही सामान एसटीत चढवू लागलो तेव्हा फाटकाजवळच्या लिंबाखाली कुणीतरी घोंगडी पांघरून बसलेले दिसले. आबा होते. दुपारपासून ते घरी गेलेच नव्हते. नातवाने भाकरी तिथेच आणून दिली होती. यंत्राच्या पेट्या बसमध्ये जाईपर्यंत त्यांनी एकेक पेटी नजरेने मोजली आणि मग माझ्याजवळ येऊन विचारले, "किती झाली, बाई?" मी म्हटले, "सहाशे तेरा, आबा." त्यांनी तो आकडा दोनदा उच्चारला. सहाशे तेरा. सहाशे तेरा. मग म्हणाले, "मोजायच्या दिवशी आकडा ह्योच ऱ्हाईल न्हवं?"

"राहील," मी म्हणाले. बस सुरू झाली होती. त्यांनी पुढे काहीतरी म्हटले, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आले नाही. मी खिडकीतून मागे पाहिले तेव्हा ते शाळेच्या दिव्याखाली उभे होते, आणि त्या पोराची मोटारसायकल आमच्या बसच्या मागे निघाली होती.